उभ्या मावशीचे टाके

उभी मावशी कुणाच्या घरात बसत नसे. दाराशी उभी राहूनच गप्पा मारी. बसायचा फार आग्रह झाला, की "माज्या पायांस्नी सवय हाय" म्हणत निघून जाई. लोणावळ्यात आमच्या शेजारच्या खोलीत ती एकटी राहायची. तिचं दुखणं फक्त आईला ठाऊक होतं. पहिल्या बाळंतपणात मूल गेलं आणि अंग मागपर्यंत फाटलं. तेव्हापासून तिला शौच आवरत नसे.

धाकटा भाऊ धोंडू तिला आंदर मावळातून डोलीत घालून इथल्या दवाखान्यात घेऊन आला होता. डॉक्टरीणबाईंशी बोलून तो बाहेर आला आणि म्हणाला, "आक्का, इलाज न्हाई." नवऱ्यानं तिला टाकलं आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. "घर तरी आपल्याच माणसाचं ऱ्हायलं," असं मावशी म्हणायची.

माझ्या भावाच्या जन्माच्या वेळी ती दवाखान्यात आईसाठी पेज घेऊन आली. म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं, आत नेऊन तपासलं.

"इतकी वर्षं कुठं होतीस? जखम भरली की आणा, टाके घालू, असं तुझ्या भावाला सांगितलं होतं मी."

"इलाज हाय?"

"आहे. फाटलेला स्नायू पुन्हा जोडायचा. कातडी कमी पडली, तर शेजारची सरकवून घ्यायची."

टाके चांगले बसले. चालता येऊ लागल्यावर मावशी आईला घेऊन थेट माहेरी गेली. धोंडूमामा खळ्यात होता.

"धोंडू, तुला ठावं हुतं?"

"धाकटीला स्थळ मिळंना, आक्का. दाजींनी तिला मागितली. तू बरी झाली असतीस, तर..."

"म्हंजी मी बरी हुऊ नये, असंच तुला वाटलं?"

मामा खाली वाकून पेंढा गोळा करू लागला. मावशी पाणीही न घेता फिरली. वाटेत आईला एवढंच म्हणाली, "नवरा परक्याचा. ह्यो माज्या कडंवर वाढला."

पुढं खेड्यापाड्यांतल्या अशा बायकांना तीच दवाखान्यात न्यायची. सोबतचा पुरुष डॉक्टरीणबाईंकडे निघाला, की त्याला अडवायची. "दादा, तुमी भाईर थांबा. दुखणं हिचं हाय, हिलाच सांगू द्या."

एका भाऊबीजेला धोंडूमामा नवा तांदूळ घेऊन आला. मावशीनं त्याला पोटभर जेवू घातलं. ओवाळून घ्यायला तो टोपी सारखी करून पाटावर बसला, तेव्हा ती म्हणाली, "जेवलास न्हवं? आता उजेड हाय तवर नीघ."