भाऊजींचं वायुशास्त्र

आमच्या भाऊजींइतका दुसऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. राहणार नाचणगावचे, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. शाळा सुटली, शिकवणं काही सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी चण्याच्या उसळीला हात घातला, की हे पाण्याचा पेला खाली ठेवून सुरू. "हरभऱ्यातली एक साखर तुमाले पचतच नाई. मोठ्या आतड्यातले जंतू ते खातेत अन् गॅस सोडतेत. तुमी फक्त डब्बा पोचवता त्यायचा!" ऐकणाऱ्याचा घास तोंडातच फिरायचा. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा मुलाचा पगार विचारायचं सोडून यांनी विचारलं, "बरबटीची, म्हंजे चवळीची, उसळ सोसते काय तुमाले?" मुलगा बिचारा घाबरून 'हो' म्हणाला, म्हणून माझं लग्न झालं.

परक्यांना ही सगळी करमणूक होती. घरात मात्र ताईच्या पोटात जरा गुडगुडलं, की चारचौघांत उलटतपासणी व्हायची. सकाळपासून काय खाल्लं, किती खाल्लं. आणि जे सापडेल ते दुसऱ्या दिवसापासून घरात बंद. प्रेमापोटीच करायचे, हे मी आजही म्हणेन. पण माझी ताई कावरीबावरी होऊन परसात जाऊन उभी राहायची, आणि मला भाऊजींचा मनस्वी राग यायचा.

मागल्या वर्षी वर्ध्याला ताईच्या पोटातल्या गाठीचं मोठं ऑपरेशन झालं. गॅस पास झाला की पेज सुरू करू, तोवर तोंडानं काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ज्याच्याशी जन्मभर वैर धरलं, त्याच वायूची वाट पाहत भाऊजी खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. थोड्या थोड्या वेळानं वाकून विचारायचे, "झाला काय वं?" ताई डोळे मिटून नकारार्थी मान हलवायची. दुसरा दिवसही तसाच गेला. तिचे ओठ सुकले, डॉक्टर पुन्हा पोटाचा एक्स-रे काढू म्हणू लागले, आणि भाऊजींनी स्वतःचं जेवणही सोडलं.

शेवटी सिस्टरनं भाऊजींना औषध आणायला धाडलं आणि पडदा ओढून ताईला नीट विचारलं. ताई पुटपुटली, "कालच झालता. यायच्यासमोर कसं सांगू? लगेच इचारतीन, काय खाल्लं होतं म्हणून."

सिस्टरला हसू फुटलं. मला रडू आलं. भाऊजी औषध घेऊन परतले होते आणि पडद्याबाहेरच उभे होते. मी बाहेर आले तर म्हणाले, "माह्या धाकानं उपाशी राह्यली माही बायको."

पेज आली. भाऊजींनीच चमचा भरून पुढे केला. तोंड उघडण्याआधी ताईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"हे चालते ना मले?"

"सारं चालते आता. तू खाय वं."

तिनं थोडीशी घेतली. आजार आत फार पसरला होता. दिवाळीपर्यंत ताई आमच्यात होती, पण सारं चालत असूनही ती पुन्हा कधी पोटभर जेवली नाही.