गिरजाचा भाता आणि अर्चनाचा हात

टेम्पोत पलंग चढला, कोठी चढली, माझी अवजारांची पेटी चढली. भाता तेवढा छपरीत राहिला. मी म्हटलं, तोही नेऊ. तर दिनेश, माझा मुलगा, म्हणाला, "बाबा, हुडकेश्वरले भट्टी कुठं लावसान? खाली टाइल्स आहेत." मी तरी भात्यापाशी उभाच. तेव्हा गिरजा, माझी बायको, टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरली. पंधरा पावलांचं अंतर, त्यात ती दोनदा थांबली. येऊन भात्याच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, सुतळीनं आवळून गाठ मारली. "उंदरं शिरतील," म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हसली. "चला जी आता. माहा श्वास यानं लय खाल्ला. याले राहू द्या इथंच."

तुम्ही बरेचजण तेव्हा दारात उभे होते. कोणी संत्र्यांची थैली दिली, कोणी लोणच्याची बरणी. बरी होऊन ये, म्हणाले. ती आली ते फोटोत आली, तेरवीला.

हे मी गावच्या ग्रुपसाठी लिहून राहिलो. वहीत लिहितो, दिनेश फोटो काढून टाकेल. गावात राहिलेले त्या ग्रुपवर आहेत, काटोल सोडून पुण्याले-सुरतेले गेलेलेही आहेत. चौथी शिकलेला माणूस आहे मी. अर्धी भाषा शाळेतली, अर्धी घरची, चालवून घ्या. लिहायचं कारण एकच. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर मी तुमच्या सगळ्यांसमोर माझ्या सुनेला बोललो. "हात फिरवून बरं करते म्हणे. केलं का बरं?" असं बोललो. अर्चना पत्रावळी उचलून राहिली होती. तिनं मान वर केली नाही. तुमच्यातल्या काहींनी माना डोलावल्या. चारचौघांत बोललो, तर परत घ्यायचंही चारचौघांतच. पण आधी काय झालं ते सांगतो, नाहीतर म्हणाल, म्हातारा सुनेच्या हातचं खातो म्हणून गोड बोलून राहिला.

आमच्या भट्टीवर मी घण मारायचो आणि गिरजा भाता ओढायची, हे तुम्ही पाहिलं आहे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. मी वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, सांडशीत धरून निखाऱ्यात सारायचो आणि ओरडायचो, "ओढ!" लोखंड लाल झालं की "बस!" दिवसभरात आमच्यात हे दोनच शब्द. लोकांना वाटायचं, लोहार कारागीर, बायको नुसतं चामडं हलवते. मलाही तसंच वाटायचं. एकदा ती माहेरी गेली तेव्हा भावाला भात्यावर बसवलं. मी ओरडलो तसा तो ओढत गेला, आणि दोन विळ्यांची पाती जळाली. हवा जास्त झाली की लोखंड ठिणग्या टाकतं, जळतं, मग त्याचं काही होत नाही. गिरजाच्या हातून कधी असं झालं नाही. ती माझ्या ओरडण्यावर ओढतच नव्हती. ती निखाऱ्याकडे पाहून ओढायची. डोळ्यांत धूर गेला तरी नजर हलत नसे. पोरगं पाठीला लोंबकळलं तरी हात त्याच तालात. मी मात्र समजायचो, माझं ऐकते.

नागपुरात हुडकेश्वरला आलो तर सकाळ घंटागाडीच्या भोंग्यानं व्हायची. गावात माझ्या ऐरणीच्या आवाजानं लोक उठायचे, इथं मी दुसऱ्याच्या आवाजानं उठायला लागलो. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. गिरजा पलंगावर, नाकात नळी. डॉक्टरनं सांगितलं, फुप्फुसं आखडली आहेत, औषधानं आराम पडेल, पहिल्यासारखी होणार नाहीत. मग विचारलं, "किती वर्षं धुरात बसायच्या?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून राहिलो. उत्तर अर्चनानं दिलं.

अर्चनानं धरमपेठेत एका मॅडमकडे हीलिंगचा कोर्स केला होता. दर शनिवारी स्कूटीवर जायची. मला मामाजी म्हणते, गिरजाला मामी म्हणायची. एकदा मीच विचारलं, हे काय असतं बाई. तर म्हणाली, शरीरात प्राण फिरतो, तो श्वासावर चालतो. श्वास संथ केला की मन थांबतं, ते ध्यान. आणि मन थांबलेल्या माणसानं दुसऱ्यावर हात धरला की तोच प्राण त्याला पोचतो, ते हीलिंग.

"म्हणजे तिन्ही एकच?"

"एकाच वाटेवरची गावं आहेत जी, मामाजी."

"आणि बस किती वाजताची?"

गिरजा हसली. हसता हसता खोकली. अर्चनाही हसली. तिचं एक चांगलं होतं, गोळी चुकू देत नसे. "गोळ्या पहिले, हात मांगून," असा तिचा कायदा. हीलिंगनं फुप्फुस भरून येईल असं ती एकदाही बोलली नाही, हेही लिहून ठेवतो, कारण तेरवीला मी ते तिच्या तोंडात घातलं.

दुपारची जेवणं झाली की ती पलंगाच्या काठावर बसायची. आधी स्वतःचा श्वास हळू करायची, डोळे मिटून. मग तळहात गिरजाच्या पाठीपासून चार बोटं दूर धरायची, आणि शेवटी पाठीवर टेकवायची. मी म्हणायचो, "काय वं, लोखंड तपासून राहिली का?" टोमणाच होता तो. पण पाहा, लाल लोखंड कोणालाही ओळखू येतं. फसवतं ते काळं. रंग गेलेला असतो आणि आत आग असते. लोहार ते उचलायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ नेतो. शिवत नाही. हात सांगतो. हे मी बापाकडून शिकलो, जन्मभर केलं, आणि सुनेनं केलं तर हसलो. गिरजाची धाप अर्चनाच्या श्वासाच्या चालीनं चालायला लागायची, हे मला दिसत होतं. मी म्हणायचो, थकून झोपते, दुसरं काय.

आमच्या घरामागच्या गार्डनमध्ये सकाळी योगाचा क्लास भरतो. मी बाकावर बसून पाहायचो. एक दिवस क्लासच्या मॅडम म्हणाल्या, आता भस्त्रिका, म्हणजे लोहाराचा भाता चालतो तसा श्वास. मी ताठ झालो. सगळे फसाफस श्वास ओढायला-सोडायला लागले. मला वाटलं, शहरात आल्यापासून पहिली गोष्ट दिसली जी मला येते. विस्तव विझत असेल तर काय करतात? हवा देतात. एवढं सोपं, आणि हे लोक बाईच्या पाठीवर हात ठेवून बसले आहेत. मी चप्पल घालून निघालो. ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांनी हे करायचं नाही, असं मॅडम मागून सांगून राहिल्या होत्या. ते ऐकायला मी थांबलोच नाही.

त्या दुपारी अर्चना गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली होती. मी गिरजाला उठवून बसवलं. नळी काढली. म्हटलं, "ओढ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि ओढलं. इतकी वर्षं ओढलं तसं.

"आणखीन ओढ. जोरानं ओढ, गिरजा."

आठ-दहा वेळा झालं असेल. मग तिचे ओठ निळे पडले. तिचा हात हवेत काहीतरी धरायला गेला, मला वाटतं भात्याची दांडी. अर्चना जिन्यावरून धावत आली. मला बाजूला लोटलं, नळी लावली, गिरजाच्या मागे पलंगावर चढून तिला छातीशी टेकवून धरलं. "मामी, माह्यासंगं. घेऊ नका, पहिले सोडा. सोडा. हळू." मी सांडशी सुटल्यासारखा उभा.

दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. घरी आली. तीन आठवड्यांनी गेली. डॉक्टर म्हणाला, आजारच तसा होता, आज ना उद्या हेच होतं. पण मी त्याला त्या दुपारचं सांगितलं नव्हतं. दिनेशलाही नाही. अर्चनानंही सांगितलं नाही.

आता समजलं तेरवीला मी काहून भुंकलो? स्वतःला चावता येत नाही म्हणून माणूस दुसऱ्याला चावतो.

त्यानंतर अर्चनाचं धरमपेठेला जाणं बंद झालं. तिची ध्यानाची मॅट गुंडाळून कपाटामागे गेली. मला ताट वेळेवर, चहा वेळेवर, कशात कमी नाही. फक्त हात कोणाच्या पाठीवर गेला नाही. आणि मला श्वास जमेना. बसलं की छाती आवळायची, जसं कोणी सुतळी बांधली. डॉक्टरनं छातीला मशीन लावून कागदाच्या पट्ट्या काढल्या, सगळं चांगलं म्हणाला, फिरायला जा म्हणाला. मी गार्डनमध्ये गेलो आणि या वेळी क्लासमध्ये बसलो. मॅडम म्हणाल्या, श्वास घ्या. मी छाती फाडून ओढला. डोळ्यांपुढे अंधार. मॅडमनं मला बाकावर बसवलं. "काका, श्वास हिसकून काहून राहिले? तुमचाच आहे, कुठी पळून नाही चालला." सगळे हसले. मलाही हसू आलं. मग त्या म्हणाल्या, तुम्ही काही करू नका. ओढू नका, रोखू नका. येऊन राहिला, जाऊन राहिला, एवढंच पाहा. जेवढं पाहाल तेवढा तो आपोआप संथ होईल, आणि संथ झाला की मनही खाली बसेल.

डोळे मिटले. पाहायला लागलो. तर समोर भट्टी, आणि भट्टीपुढे गिरजा. निखाऱ्यावर नजर, हात सावकाश. ज्याच्यासाठी हे शहरातले लोक पहाटे मॅट घेऊन येतात ते ही बाई माझ्या समोर रोज करून राहिली होती, धुरात, खोकत, आणि मी तिच्यावर ओरडत होतो. ओरडणाऱ्याला विस्तव दिसतच नाही.

घरी आलो. अर्चना ओट्यापाशी पालक निवडून राहिली होती. दिनेश कामावर. मी स्टूल ओढून बसलो.

"त्या दुपारचं तुले माहीत होतं. तेरवीले काहून नाही बोलली? एका शब्दात माहं तोंड बंद झालं असतं."

ती पालक निवडतच राहिली. मग म्हणाली, "मामीनं दवाखान्यात सांगतलं होतं. म्हणे, कोणाले सांगू नको वं. जिंदगीभर मले ओढ-ओढच म्हणत आले, त्यायले दुसरं औषधच माहीत नाही."

मी तिथं स्टुलावर बसून रडलो. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो, लोक होते. अर्चनानं पाण्याचा ग्लास ठेवला. रडण्यानंही धाप लागते हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हात ठेव."

"मी सोडलं जी ते."

"मग धर पुन्हा."

"तुमचा विश्वास कुठं आहे, मामाजी?"

"नाही आहे. तरी ठेव."

ती हसली की रडली, समजलं नाही, पाठ होती माझी तिच्याकडे. तिनं हात पुसला आणि ठेवला. ओला होता, पालकाचा वास होता. तिचा श्वास मला मागून ऐकू येत होता, हळू. माझा त्याच्या मागे मागे गेला. प्राण आला का, ऊर्जा आली का, मला विचारू नका. मी डोळ्यांनी पाहिली नाही आणि खोटं लिहिणार नाही. दुखणं हातानं जात असतं तर गिरजा इथं असती. पण एवढं सांगतो, तो हात काही मागत नव्हता. ओढ म्हणत नव्हता. आयुष्यात मी कोणाच्या पाठीवर असा हात ठेवला नाही.

तर गावच्या लोकांनो, तेरवीला मी बोललो ते खोटं होतं. अर्चनानं तुमच्या गिरजाला शेवटचे दिवस सुखाचे दिले, आणि मी तिला ओढायला लावलं. ज्यांनी माना डोलावल्या त्यांनी आता तिला फोन करावा. नंबर दिनेश देईल. तिनं मॅट कपाटामागून काढली आहे. मागच्या शनिवारी धरमपेठेला गेली. मी स्कूटीवर मागे बसून गेलो, बाहेर बाकड्यावर चहा पीत थांबलो. आत बसा म्हणाली. म्हटलं, एवढं नको.

तुमच्यातले कोणी विचारतात, गावाला परत कधी? आधी मला वाटायचं, ऐरण जिथं रोवली ते घर. आता सकाळी गार्डनमधून येतो, अर्चना दारातूनच माझ्याकडे पाहते, धाप लागली का म्हणून. विचारत नाही, नुसती पाहते. गावातल्या त्या घरात मला असं पाहणारी एक होती, आणि मी कधी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ती गेली तसं ते घर उठलं. जे बाहेर गेले त्यांनी एवढंच करावं, घरी फोन लावला की बोलायच्या आधी समोरच्याचा श्वास ऐकावा.

भाता छपरीतच आहे. मी आता भट्टी पेटवणार नाही. कोणाला लागत असेल त्यानं घेऊन जावा. चामडं कडक झालं असेल, तेल लावा. तोंडावरची सुतळी कापू नका, गाठ सोडा. सुटते ती, गिरजाची कोणतीच गाठ सुटत नाही अशी नव्हती. सुतळी तेवढी मला पाठवा. आणि जो कोणी भाता ओढेल, त्यानं निखाऱ्याकडे पाहावं. ओरडणाऱ्याकडे नाही.