खालच्या बांधीतलं मीठ

चिचगडकडच्या आमच्या गावाला लागून एक टेकडी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर ऐन, धावडा आणि मोहाचं दाट रान होतं. पायथ्याशी आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घरचे कर्ते होते. खाणारी तोंडं वाढली तसं त्यांनी गावाच्या मालकाला, मालगुजाराला विचारून अर्धी टेकडी तोडली आणि तिथं कोदो हे भरड धान्य पेरलं. पहिली काही वर्षं कोठ्या भरल्या.

मग सगळ्यांत खालची बांधी उन्हाळ्यातही ओली राहू लागली. तिच्या कडांवर पांढरी बुकणी दिसायची आणि धानाचे शेंडे करपायचे. शेजारची विहीर मचूळ झाली, तुरीची डाळ शिजेना. भासरे ताटावरून उठत आणि जाऊबाईंना बोलत, तुला चूल सांभाळता येत नाही म्हणून. त्या ऐकून घेत. मी लाकडं बदलून पाहिली, मडकं बदलून पाहिलं. डाळ तशीच.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. झाडं जे पाणी पीत होती ते आता जमिनीत मुरून खाली येतं, बांधीत वर चढतं, विहिरीत उतरतं आणि जमिनीच्या पोटातलं मीठ सोबत आणतं. भासऱ्यांना पटलं नाही. होळीनंतर उरलेली अर्धी टेकडीही तोडायचं त्यांनी ठरवलं.

तेव्हा नवऱ्यानं मातीच्या दोन नांदी अंगणात मांडल्या. तळाला बांधीतली खारी माती, वर टेकडीची. एकीत मुळांसकट गवत लावलं, दुसरी उघडी ठेवली. दोन्हींत सारखंच पाणी घालत राहिला. घरात त्याची थट्टा झाली. ऊन तापलं तशी उघड्या नांदीवर पांढरी साय धरली. गवताच्या नांदीत माती काळीच होती.

"नांद म्हंजे डोंगर नोहे," भासरे म्हणाले, आणि कुऱ्हाडीला धार लावायला बसले.

भासऱ्यांशी मी कधी बोलले नव्हते, तशी रीतच नव्हती. दाराआडून मी जाऊबाईंना म्हटलं, पण त्यांना ऐकू जाईल असं.

"बाई, त्यायले म्हणा, ते पांढरं जिभेवर ठेवून पाहा. डाळ कोणाच्या हातानं बिघडून राहिली, ते समजंल."

जाऊबाईंनी भीतीनं माझं मनगट धरलं. भासऱ्यांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली. मग उठले, उघड्या नांदीवरची चिमूटभर पांढरी माती जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"तोडत नाही मी," ते म्हणाले. "पण मंग पोरायले खाऊ काय घालू?"

 

उरलेली अर्धी टेकडी तेवढी वाचली. तोडलेल्या उतारावर मोहाची रोपं लावली, ती बहुतेक बकऱ्यांनी खाल्ली. खालची बांधी सोडून द्यावी लागली. घरात धान पुरेना, म्हणून नवरा गोंदियाच्या धानगिरणीत हमालीला गेला आणि त्याच्यामागून मीही गेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही तिथंच होतो. गावी विहीर अजून मचूळच होती, जाऊबाई नाल्यावरून पाणी वाहत होत्या.