शांततेचा भोंगा

जगात शांतता नांदावी म्हणून आमच्या मामेसासऱ्यांनी आजवर जेवढी भांडणं केली, तेवढी युद्ध पेटावं म्हणूनसुद्धा कोणी केली नसतील. काळेवाडीत दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ‘सर्वधर्म सलोखा मेळावा’ भरतो. तो त्यांनीच सुरू केला, त्यांनीच वाढवला आणि त्याच्यापायी मंडपवाला, माइकवाला, मैदानाचा रखवालदार, झालंच तर स्वतःचा धाकटा भाऊ अशा सगळ्यांशी वाकडं घेतलं. “अरे, प्रेमानं वागा म्हणतोय तर ऐकत न्हाईत लेकाचे!” असं म्हणून ते हातातली छत्री जमिनीवर आपटतात, तेव्हा समोरचा माणूस जिवाच्या भीतीने का होईना, पण प्रेमाने वागायला लागतो. एकदा मेळाव्याच्या फेरीत पुढे कोणी चालायचं यावरून दोन गटांत बाचाबाची झाली. मामांनी मध्ये पडून दोघांनाही इतकं फैलावर घेतलं, की दोन्ही गट खांद्याला खांदा लावून मामांची तक्रार करायला माझ्याकडे आले. सलोखा सलोखा म्हणतात तो हाच, असं मामांचं त्यावर म्हणणं पडलं.

हे माझ्या बायकोचे मामा. घराणं इथलंच, जुनं, शेतीवाडीचं. शेतावर कंपनी आली तशी शेती गेली आणि मामा त्याच कंपनीत लागले, ते रंगखात्याचे सुपरवायजर होऊन निवृत्त झाले. म्हणजे कंपनीने त्यांना निवृत्त केलं. मामांनी कंपनीला अजून सोडलेलं नाही. त्यांच्या लेखी दिवसाला सकाळ-दुपार-रात्र नसते, शिफ्ट असतात. नात झाली तेव्हा “पोरगी सेकंड शिफ्टला झाली, माल एकदम बराबर हाय” असा त्यांनी मला फोन केला होता. लग्नघरी गेले की आचाऱ्याला पुऱ्यांचं प्रॉडक्शन विचारतात. आमच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून ते हिच्या पाठीशी उभे होते, आणि तिथूनसुद्धा मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बायकांना मनगटावरचं घड्याळ दाखवून ‘आवरा’ अशा खुणा करत होते. आमच्यावर अक्षता मुहूर्ताच्या आधीच पडल्या, असं त्या दिवशीचे गुरुजी अजून सांगतात.

मेळाव्यालाही त्यांनी हीच शिस्त लावली. एक जुना कारखाना बंद पडला तेव्हा तिथला हाताने फिरवायचा भोंगा मामांनी भंगारवाल्याकडून उचलून आणला. त्याचा दांडा गरगर फिरवला की असा आवाज निघतो, की मैदानातली कुत्री शेपूट घालून थेट नदीच्या दिशेने पळतात. मेळाव्यात प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं. पाच मिनिटं भरली की भोंगा. “देवाचं जे काय सांगायचं ते पाच मिनिटांत व्हतंय,” मामा म्हणतात, “त्याच्या म्होरचं समदं वक्त्याचं सोताचं.” भोंग्यापुढे लहानथोर सगळे सारखे. देहूरोडहून येणारे फादर ‘क्षमा करा’ एवढं म्हणून, कोणाला ते सांगायच्या आत खाली बसलेले मी पाहिले आहेत.

या सगळ्या कारभारात मामांचा उजवा हात म्हणजे मिस्त्री. कंपनीत दोघे एकाच खात्यात, एकाच शिफ्टला, एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवणारे. पुढे मिस्त्रींनी कंपनी सोडून काळेवाडीत दुचाकींचं गॅरेज टाकलं. मामा जितके तापट, तितके हे थंड. मामा भांडून यायचे आणि मागून मिस्त्री जाऊन त्याच माणसाबरोबर चहा पिऊन यायचे. मेळावा खरा चालायचा तो या चहावर. मिस्त्रींची बेगम मेळाव्याच्या दिवशी पातेलंभर शीरखुर्मा करून पाठवायची, मग ईद जवळ असो की लांब. एका पावसाळ्यात ती आजारी पडली आणि गेली. त्यानंतरच्या मेळाव्यात मिस्त्री नेहमीप्रमाणे बोलायला उभे राहिले. एकोपा, अमन, भाईचारा असं बोलून झालं, मग जरा थांबले आणि म्हणाले, “आणि माझी बेगम...” तेवढ्यात पाच मिनिटं भरली. मामांची नजर घड्याळावर होती, माणसावर नव्हती. त्यांनी दांडा फिरवला. आवाज विरेपर्यंत मिस्त्री माइक धरून उभे राहिले, मग तो खुर्चीवर ठेवून मैदानातून निघून गेले.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सलोखा मेळाव्याच्या अध्यक्षांचा आणि उपाध्यक्षांचाच अबोला! मामांना चूक कळली होती, पण माफी मागायची म्हणजे भोंगा चुकला असं म्हणावं लागलं असतं. “नियम म्हंजे नियम,” असं ते म्हणायचे आणि पुढ्यातली भाकरी अर्धी टाकून उठायचे. त्यांची जुनी स्कूटर बंद पडली की ती ढकलत, मुद्दाम मिस्त्रींच्या गॅरेजसमोरून, पार थेरगावच्या मेकॅनिककडे न्यायचे. मिस्त्री हातातल्या टायरला सांगायचे, “प्लग में कचरा है, लेकिन हमको कौन पूछता है!” मामा स्कूटरच्या आरशाला सांगायचे, “काही लोकांना लईच कळतंय.” मग थेरगावचा मेकॅनिक प्लग साफ करून द्यायचा. दोघांचा निरोप्या मी. “जावईबापू, त्याची शुगर वाढलीया का ते बघून या. पन म्या इचारलंय म्हनू नका.” आणि तिकडून, “जावईसाब, सुपरवायजरला सांगा, छत्री आपटून आपटून खांदा निखळेल एक दिवस. माझं नाव नका घेऊ.” अशी त्या दोघांची नावं न घेता मी वर्ष काढलं.

पुढच्या मेळाव्याची तारीख त्यामुळे मामांनी एकट्यानेच ठरवली. आता तारखेच्या बाबतीत मामांचं एक तत्त्व आहे. ते पंचांग पाहत नाहीत. “पंचांग बघितलं तर एका धर्माचं झालं, चांद बघितला तर दुसऱ्याचं. कंपनीचं क्यालेंडर समद्यांचं!” कंपनीच्या कॅलेंडरवर तिथी नसते की सण-व्रत नसतं; साप्ताहिक सुट्टीचे गुरुवार तेवढे लाल छापलेले असतात. मार्चअखेरचा असाच एक लाल गुरुवार मामांनी धरला आणि दुपारी साडेबाराला सामुदायिक भोजन जाहीर करून टाकलं. बेत असा, की कांदा नाही, लसूण नाही, मांसमच्छी नाही, कोणाच्या भावनेला धक्का लागेल असा एकही पदार्थ नाही. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, बुंदी. इतकी वर्षं मामा तारीख ठरवायचे आणि मिस्त्री ती गुपचूप चार ठिकाणी विचारून मगच पक्की करायचे, हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मामांच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी आली. “हे काय?” त्यांनी विचारलं.

“संकष्टी हाय आज,” मामी म्हणाल्या.

“मग काल का न्हाई बोललीस?”

“मला कुनी इचारलं? म्हटलं, तुमचं क्यालेंडर बोलंल.”

मामांनी खिचडीची ताटली बाजूला सारली. तेवढ्यात आमची ही म्हणाली, “मामा, आणि रमजान चालू आहे ना?” रमजान चालू होता. मामांना तो दिसत नव्हता असं नाही, पण मिस्त्रींशी अबोला धरल्यापासून त्यांनी त्या बाजूचं सगळंच डोक्यातून बंद करून टाकलं होतं. मग फादरांचा फोन आला, की आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासातला हा शेवटचा आठवडा, माणसं आनंदाने येतील पण दुपारी जेवणार नाहीत. विहारातले भन्ते दुपारी बारानंतर अन्नच घेत नाहीत. दत्ताचे गुरुवार करणाऱ्यांचा गुरुवार होताच. राहता राहिली मारुंजीहून मदतीला आलेली आयटीतली भाडेकरू मंडळी. त्यांना तरी पंगतीला बसवू म्हटलं, तर त्यांचा वजन उतरवायचा कसलासा उपवास होता आणि मोबाइलमध्ये घंटा वाजल्याशिवाय तो सुटत नव्हता. सर्व धर्म एक आहेत असं मामा वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते, ते त्या दिवशी सिद्ध झालं. आचारी झारा घेऊन समोर आला आणि म्हणाला, “मालक, भात किती माणसांचा टाकू?”

“दम धर,” मामा म्हणाले, “मानूस गावतंय का बघतो.”

मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “जावईबापू, गॅरेजवर जाऊन या. माजं नाव काडू नका. निस्तं इचारा, सूर्य कितीला बुडतोय.”

मिस्त्री एक मोटारसायकल उघडून बसले होते. मी सूर्याचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “सुपरवायजरने जेवण कितीला ठेवलंय?”

“साडेबाराला.”

“दोपहर के?” त्यांनी पाना खाली ठेवला आणि हसायला लागले. रोजा धरलेला माणूस इतकं हसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. कोपराने डोळे पुसत म्हणाले, “ये आदमी अकेला क्या करेगा, बोलो! तरी म्हटलं, यंदा तारीख विचारायला कसं कोणी आलं नाही.” मग त्यांनी बोटांवर मोजत सगळ्यांच्या वेळा सांगितल्या. भन्तेंना बाराच्या आत वाढायचं. जैन मंडळींना दिवस मावळायच्या आत. रोजा सुटायचा मावळल्यावर. चतुर्थीवाल्यांना चंद्र उगवल्यावर, आणि ती वेळ भाभीला, म्हणजे आमच्या मामींना, विचारायची. मी म्हटलं, “संध्याकाळी येताय ना?” ते पुन्हा मोटारसायकलीकडे वळले. “मला कोणी बोलावलंय?” म्हणाले. मी वेळा घेऊन मामांकडे परतलो.

वेळा कानावर पडल्या मात्र, मामांच्या अंगात सुपरवायजर संचारला. “असं सांगा की! ह्ये तर शिफ्टचं काम हाय!” भन्तेंना जनरल शिफ्टमध्ये टाकून ताबडतोब पान वाढलं. फर्स्ट शिफ्ट दिवस मावळायच्या आत, त्यात जैन मंडळी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये पोहोचायचं असलेली मंडळी. सेकंड शिफ्ट रोजेदारांची. थर्ड शिफ्ट चंद्राची. मामा छत्री घेऊन फाटकावर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला नाव-गाव न विचारता “कुठली शिफ्ट?” एवढंच विचारू लागले. एक गृहस्थ ओशाळून म्हणाले, मला कुठलाच उपवास नाही. “मग तुमी ओव्हरटाइम,” मामा म्हणाले आणि त्यांच्या हातात पाण्याची बादली दिली. गुरुद्वाऱ्याच्या ग्यानीजींनी तर “हमारा कोई व्रत नहीं जी” असं म्हणून कमरेला उपरणंच बांधलं आणि त्यांची माणसं तिन्ही शिफ्टला वाढायला उभी राहिली. एवढ्या धामधुमीत मामांनी मात्र सकाळची खिचडीसुद्धा तोंडात घातली नव्हती. जेवायला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस “लाइन चालू आसताना सुपरवायजर जेवत न्हाई” म्हणत उन्हात फिरत होता. त्यांचं लक्ष सारखं फाटकाकडे होतं, आणि ते शिफ्टसाठी नव्हतं हे मामींना आणि मला कळत होतं.

दिवस कलला. फर्स्ट शिफ्ट हात धुऊन उठली, सेकंड शिफ्ट खजूर पुढ्यात घेऊन बसली. मशीद रस्त्यापलीकडे आणि मध्ये वाहनांचा गोंगाट, तेव्हा रोजा सुटल्याची खूण भोंग्यानेच द्यायची असं ठरलं होतं. मामा भोंग्यापाशी उभे होते. एवढ्यात मिस्त्री आत आले. हातात झाकलेलं पातेलं होतं. आत शीरखुर्मा होता, बेगमच्या हाताखाली शिकलेल्या सुनेने केलेला. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी भोंगा उचलला, चार पावलं चालत गेले आणि तो मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

“तू वाजव,” म्हणाले, “मला टाइम कळत न्हाई.”

मामांच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यापुढे माफी म्हणजे काहीच नाही. मिस्त्रींनी पातेलं खाली ठेवलं, आभाळाकडे पाहिलं, जरा थांबले आणि दांडा फिरवला. भोंगा असा काही दणाणला, की सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम करणाऱ्या पलीकडच्या वर्कशॉपमधली माणसं काम टाकून, डबे घेऊन बाहेर आली. त्यांनाही आम्ही सेकंड शिफ्टला बसवलं. मिस्त्रींनी एक खजूर स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा मामांपुढे धरला.

“समदे जेवल्याबिगर...” मामा सुरू झाले.

“चूप. खा. तुमच्या उपवासालापण चालतो. भाभीला विचारून आलोय.”

मामांनी खजूर खाल्ला. मग घसा खाकरून, दुसरीकडेच बघत म्हणाले, “मागल्या साली कुठं थांबला व्हतास? तिथनं म्होरं बोल.”

मिस्त्री माइकपाशी गेले आणि बेगमबद्दल बोलले. ती शीरखुर्म्यात चारोळी जास्त घालायची, कारण सुपरवायजरला आवडते. त्यांना सांगू नका म्हणायची, उगाच चढून बसतील. एवढंच बोलले असते तरी चाललं असतं, पण मिस्त्री चंद्र उगवेपर्यंत बोलत राहिले. थर्ड शिफ्ट पाटावर बसली तेव्हा कुठे माइक बंद झाला.

भोंगा त्या दिवसापासून गॅरेजवर आहे. दांडा सैल झालाय म्हणून मिस्त्री दुरुस्तीला घेऊन गेले आणि ‘पार्ट नहीं मिल रहा’ म्हणतात. मामा तो मागत नाहीत. त्यामुळे मेळाव्यातली भाषणं आता भयंकर लांबतात आणि भोंग्याची आठवण मला वरचेवर येते. तारीख दोघे मिळून काढतात, आणि सगळ्यांचे उपवास एकत्र येतील असाच दिवस शोधतात. “समदे जेवत्यात असा दिवस कवाबी गावतो,” मामा म्हणतात, “समदे उपाशी असा गावला पायजे.” तसा पुन्हा काही गावलेला नाही. यंदाही मिस्त्री बोलायला उभे राहिले. ते दर वर्षी तेच बोलतात, चारोळीसकट आम्हाला पाठ झालंय. मामा पहिल्या रांगेत बसले होते. छत्री आता आपटायला कमी आणि टेकायला जास्त लागते. “आणि माझी बेगम...” मिस्त्री म्हणाले, तसं सवयीने मामांचं मनगट वर आलं. क्षणभर ते तसंच राहिलं. मग त्यांनी घड्याळ सोडवलं, खिशात टाकलं आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे पुढे सरसावून ऐकू लागले.