म्हसोबाचा कोंबडा

लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझी कूस उजवेना, तेव्हा सासूबाईंनी मळ्याच्या बांधावरच्या म्हसोबाला कोंबडा बोलला. नातू दे, हा कोंबडा तुझा. मला विचारलं नाही. कोंबड्यालाही विचारलं नाही. तो तेव्हा जेमतेम तुरा फुटलेला, स्वतःच्याच पायात अडखळणारा तांबडा पोरगेला कोंबडा होता आणि मी अठरा वर्षांची होते. आम्हां दोघांचं नशीब एका दाव्याला बांधून सासूबाई बोटाचा शेंदूर पुसत घरी आल्या.

नवसाच्या जनावराला कापायचं नाही, विकायचं नाही आणि त्याच्यावर हात उगारायचा नाही. नवस फिटेपर्यंत ती देवाची ठेव. ही गोष्ट कोंबड्याला कुणी सांगितली कोण जाणे, पण वर्षभरात त्याला ती पुरती कळली होती. अंगाने भरला, पायांना बोटभर काटे आले आणि एका सकाळी त्याने माझ्या सासऱ्यांना धोतराचा सोगा धरून विहिरीपर्यंत पळवलं. मामंजी असे, की त्यांच्यासमोर मळ्यातला गडी विडी ओढायला धजत नसे. ते काठी घेऊन उलटे फिरले तर सासूबाई दारातून ओरडल्या, "हात लावू नका! म्हसोबाचा हाय त्यो!" मामंजींनी काठी टाकली आणि आपण आंघोळीलाच निघालो होतो असं दाखवलं.

तिसाच्या सालानंतरचे ते दिवस. सगळ्या देशाने सरकारविरुद्ध कंबर कसली होती, नदीच्या काठावर सभा व्हायच्या, बायकासुद्धा तुरुंगात जायच्या. पोलिसांच्या लाठ्या खाऊनही जागचा न हललेला एक खादीवाला वर्गणी मागायला आमच्या मळ्यात आला होता. कोंबड्याने त्याला पेरूच्या झाडावर चढवलं. वर्गणी नको, असं त्याने वरूनच सांगितलं.

मला तर रोज परड्यात जायचंच असे. शेण, पाणी, अंडी सगळं माझ्याकडे. मी डाव्या हातात सूप धरून निघायची, त्याच्या लाथा सुपावर घ्यायची आणि उजव्या हाताने काम उरकायची. त्याला पाठ दाखवायची नाही, त्याच्यापुढे पळायचं नाही आणि त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. सासरी नांदायचेही हेच नियम असल्यामुळे मला नवीन काही शिकावं लागलं नाही. तरी डाव्या पोटरीवर एक खूण आहेच, कुणाला बघायची असेल तर अजून दाखवीन.

त्याचं मला एवढं नव्हतं. पण तो ज्याला टोचायचा, तो आधी आपली पोटरी बघायचा आणि मग माझं पोट. शेजारणी म्हणायच्या, "बाई गं, सोडव की आता आम्हाला ह्याच्यातून." जसं काही मीच हट्टाला पेटून पोट रिकामं ठेवलं होतं! नवऱ्याला कुणी चकार शब्द विचारत नव्हतं. मला ते फार लागायचं.

नवसाच्या तिसऱ्या वर्षी सासूबाईंचा धीर सुटला. मुलाचं दुसरं लग्न करायचं ठरलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई म्हणंल तसं." जेवायला काय करू असं विचारलं तरी तो हेच म्हणायचा. मला माहेर म्हणायला विंचूरला एक चुलता होता, आणि मला उजवून टाकल्याचा चुलतीचा आनंद अजून ओसरला नव्हता. तिथे परत गेले असते तर तिने दारातूनच वाट दाखवली असती. म्हणजे सवत आली की मला याच घरात तिची उष्टी काढत राहायचं होतं.

ओझरहून मुलीचा बाप आणि मामा घर बघायला यायचे ठरले. पुरणपोळीचा बेत. पोळ्या करायच्या कुणी? मी. सवतीच्या स्वागताला माझ्याच हातचं पुरण, काय हौस!

त्या दिवशी पहाटे कोंबडा झोपेत होता तोवर सासूबाईंनी त्याला धरून डालग्याखाली कोंडलं. साधा दगड तो उलथवून टाकील म्हणून वर पाट्याचा भलाथोरला वरवंटा ठेवला. मग चुलीपाशी येऊन मला म्हणाल्या, "डाळ शिजली. पुरण बारीक वाट, कण राहता कामा नये."

"आत्याबाई, वरवंटा घेऊ का?" मी विचारलं.

"मग काय हातानं वाटतीस?" त्या आमटीकडे बघत म्हणाल्या.

मी आज्ञाधारक सून. परड्यात गेले, वरवंटा उचलला आणि डालग्यावर काहीतरी असावं म्हणून त्याच्या जागी एक गोवरी ठेवली. चांगली वाळलेली होती. मग इतकं बारीक पुरण वाटलं, की तसं पुन्हा जन्मात जमलं नाही.

पाहुणे आले. पाय धुवायला परड्यात गेले. सासूबाई तांब्या घेऊन पुढे, "या, या, आपलंच घर हाय" असं म्हणतायत, तोवर गोवरी खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मुलीच्या बापाचा आधी फेटा गेला, मग पोटरी. तो "मेलो, मेलो" करत गव्हाणीत जाऊन बसला. मामाने वहाण उगारली.

"मारू नका!" सासूबाई सवयीने ओरडल्या. "नवसाचा हाय!"

"कसला नवस?" गव्हाणीतून बापाने विचारलं.

"नातवाचा," मामंजी बोलून गेले. त्यांना खरं बोलायची वाईट खोड होती.

बाप उठला. फेट्यावरचं शेण झटकत त्याने एकदा कोंबड्याकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. "म्हंजी पहिलीच्या पोटी नातू मागून ठिवलाय देवाकडं, अन् त्ये फिटायच्या आधी माझी पोर आणताय? आम्हाला बोलला न्हाईत त्ये! बाई, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात नाय. म्हसोबानंच धाडलाय ह्याला." आणि पानाला हात न लावता दोघं गाडीत बसले.

म्हसोबाने धाडला, यात शंकाच नाही.

"वरवंटा कुठं हाय गं?" गाडी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"पाट्यावर. तुम्हीच म्हणाला होतात." नवऱ्याने चार पोळ्या खाल्ल्या आणि वर तूप मागितलं. मी पाच खाल्ल्या.

देवाने हाकललेलं स्थळ म्हटल्यावर दुसरं कुणी फिरकेना. आणि पुढच्या वर्षी मला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला, मामंजी कोंबड्याकडे बघून सुरीला धार लावू लागले. सातव्या महिन्यापासून मी त्याला लपवून मूठभर जास्त ज्वारी टाकायची. वाईट वाटायचं, खरंच सांगते. माझं पोट भरत होतं आणि त्याची मान जवळ येत होती. त्याने मात्र शेवटपर्यंत सुपावर लाथा घातल्या.

माझी आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सुईण बाहेर जाऊन म्हणाली, "लक्ष्मी आली." ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "नवस नातवाचा हुता. सुरी ठेवून द्या." एवढ्यावर माझ्या लेकीचं कौतुक संपलं. बाहेर उकिरड्यावर तो आरवला. तिच्या जन्माने सुख झालेले त्या घरात आम्ही दोघंच होतो.

तेराव्या दिवशी मी तिला पदराखाली घेऊन पहिल्यांदा परड्यात आले, तर तो थेट आमच्या अंगावर. उपकाराची जाण बघा! हातात सूप नव्हतं, दोन्ही हातांत लेक होती. चार वर्षांत पहिल्यांदा मी पाय उचलला आणि अशी लाथ घातली, की तो कोलांटी खाऊन कडब्यावर आपटला.

"अगं बया!" सासूबाई धावत आल्या. "म्हसोबाचा हाय त्यो!"

"नाय," मी म्हणाले. "नातू झाला असता तर म्हसोबाचा. ह्यो माझ्या लेकीमुळं जित्ता हाय. आता तिचा हाय. तिच्या अंगावर आला तर पुन्हा लाथ खाईल."

कोंबडा उठला, पिसं झाडली आणि चार पावलं बाजूला होऊन उभा राहिला. त्या घरात माझ्या लेकीला वाट करून देणारा तो पहिला.