बाली पाहून आलेला दुकानदार

धाड गावाला जाणाऱ्या जीपमध्ये आमचा खतविक्रेता माझ्या शेजारी बसला. नाव मुद्दाम लिहीत नाही. कंपनीने विक्रेत्यांना फुकट बाली फिरवून आणली होती. फुलाफुलांचा शर्ट, कपाळावर गॉगल. मोबाइलमधला समुद्र तो प्रत्येकाच्या नाकासमोर धरत होता.

"किनाऱ्यावर खुर्चीत बसाच्या आधी भाव इचारजा," तो सांगू लागला. "अन् बाजारात एका वस्तूसंग दुसरी गळ्यात मारतात. घ्याचीच नाही! सरळ दुसऱ्या दुकानात जाचं."

माझं डोकंच फिरलं. परवाच याने फवारणीच्या औषधाची बाटली घ्यायला लावल्याशिवाय मला युरिया दिला नव्हता. आज मात्र ओळखही दाखवत नव्हता!

"मंग मले काऊन बाटली गळ्यात मारली?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्याने शांतपणे गॉगल डोळ्यांवर ओढला.

"भाऊ, तिथं दुसरं दुकान असते."