जिन्याखाली आलेली गाय

मंडळी, आज दुपारी घरात जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी आम्ही जिन्याखालची अडगळ काढून माझ्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, यामिनीसाठी, वाचनाचा कोपरा केला. चटई, उशी, छोटा दिवा आणि तिची तमिळ-इंग्रजी पुस्तकं. इथे तंजावरच्या मराठी घरांतल्या बहुतेक मुलांसारखंच तिचं आहे. मराठी सगळी कळते, पण उत्तर तमिळमध्ये. देवनागरी तर येतच नाही. म्हणून मी लहानपणी ऐकलेली एक मराठी गोष्ट वहीत तमिळ अक्षरांत लिहून ठेवली. ती वहीला हात तरी लावेल का, याची धाकधूक होती.

तिने आधी तीच उचलली आणि मोठ्याने वाचलं, "काय रानात केली."

शेजारी बसलेले माझे सासरे गोंधळले. "कोण? रानात काय केली?"

तेव्हा माझी चूक लक्षात आली. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर. मी लिहिलं होतं, 'गाय रानात गेली.'

सासरे पोट धरून हसले. मग आजोबा-नात पेन्सिल घेऊन प्रत्येक ग-खाली टिंब देत बसले. तासाभराने मी जेवायला हाक मारली, तर यामिनी म्हणाली, "थांब आई, गाय अजून घरी आली नाही."

चक्क मराठीत.

मी जेवण झाकून ठेवलं आणि जिन्यावर बसून ऐकत राहिले.

आता उद्यासाठी नवी गोष्ट हवी आहे. तुमच्या घरी मुलांना कुठली सांगतात?